रुमाल टाकून धरलेली जागा

नेमणुकीचा आदेश घेऊन मी पहिल्या दिवशी कचेरीत गेलो, तेव्हा बडेबाबूंनी तो चष्म्याच्या वरून वाचला, मग चष्म्यातून वाचला, उलटा करून पाठीमागे काही लिहिलंय का तेही पाहिलं आणि परत माझ्या हातात दिला.

"यात खुर्चीचं काई लिह्यलं नाई."

"लिपिकाच्या पदाचा आदेश आहे साहेब."

"साहेब आत बसते. मी बडेबाबू. अन् पद सरकार देते भाऊ, खुर्ची मी देतो. बस तिकडं माठापाशी. दोन दिवस तुयी तब्येत पाहू दे."

दोन दिवस मी माठाशेजारच्या स्टुलावर बसलो. काम काहीच नव्हतं. पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण माझ्याशी चार शब्द बोलून जायचा आणि बडेबाबू लांबून पाहायचे. मी बोलतो किती, ऐकतो किती, कुणी मागे उभं राहिलं तर दचकतो का, हे सगळं ते तपासत होते हे मला पुढे कळलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी शिपायाला निकाल सांगितला, "पोट्टा बोलत नाई, ऐकते मात्र सगळं. याले लोणारले टाक."

मी घाबरलो. नेमणूक होऊन तीन दिवस नाही झाले आणि बदली! तर लोणार म्हणजे हॉलच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं टेबल निघालं.

हे जरा समजावून सांगायला हवं. बुलडाणा जिल्ह्यात तालुके 13 आणि आमच्या हॉलमध्ये टेबलंही 13. कचेरी घाटावरच्या एका गावात होती, नाव सांगत नाही. जुनी दगडी इमारत, वर कौलं. मूळ हॉल लहान पडला म्हणून कधीतरी कुणीतरी त्याला पुढे एक खण जोडला आणि जोडताना जोत्याचं माप चुकवलं. त्यामुळे हॉलच्या बरोबर मधून एक पायरी आडवी गेली होती. अर्धी कचेरी वीतभर उंच, अर्धी वीतभर खाली. आमच्या जिल्ह्याचंही तसंच आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेनं त्याचे दोन भाग केलेत. घाटावर बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा. घाटाखाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. घाटावर उन्हाळ्यातही रात्री अंगावर चादर लागते, घाटाखाली मे महिन्यात माणूस कूलरपुढून उठत नाही. सोयरिक जुळवतानासुद्धा "पाहुणे घाटावरचे का घाटाखालचे?" हा प्रश्न आधी होतो. बडेबाबूंनी त्या पायरीला राजूर घाट असं नाव दिलं, वर-खाली टेबलं मांडली आणि प्रत्येकाला एकेक तालुका बहाल केला.

नावं काही गमतीखातर ठेवलेली नव्हती. दारालगतचं आवक-जावकचं टेबल मलकापूर, कारण बुलडाण्याला रेल्वे नाही. मुंबईहून काय किंवा नागपूरहून काय, जे येतं ते आधी मलकापूरला उतरतं. भिंतीला पाठ लावलेलं, मागून कुणाला डोकावता येऊ नये असं लेखा शाखेचं टेबल खामगाव, कारण पैसा आणि चांदी खामगावची. दाखल्यांसाठी ज्या टेबलापुढे लोकांची रीघ लागते ते शेगाव. तिथे बसवायचा माणूस त्यांनी फार पारखून निवडला होता. गजानन महाराजांच्या मंदिरातले सेवाधारी हजारो माणसांची रांग आवाज न चढवता सरकवतात, तसला हसतमुख आणि पायावर उभा राहू शकणारा. आस्थापनेच्या बाई सिंदखेड राजाला. जिजाऊंच्या गावी बसणाऱ्या बाईपुढे रजेचा खोटा अर्ज देताना माणसाचा हात आपोआप कापतो, असं बडेबाबू म्हणत. देऊळगाव राजाच्या टेबलावर जालन्याहून अप-डाऊन करणारे एक गृहस्थ होते. ते टेबल बाजूच्या दाराला इतकं चिकटून होतं की, सुटी व्हायच्या पाच मिनिटं आधी त्यांची एक चप्पल मराठवाड्यात असायची.

आणि लोणार? हॉलमधली सगळ्यात खोलगट फरशी तिथली. कौलांतून गळणारं पाणी वाहत तिथेच येऊन थांबायचं आणि तिथे गेलेला कागदही वर येत नसे. म्हणजे रेकॉर्ड. खरं तर लोणार घाटावरचं, पण एवढी सूट बडेबाबूंनी भूगोलाकडून घेतली होती. खरं लोणार म्हणजे उल्केच्या धडकेनं झालेलं सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर. ते पाहायला जगभरातून शास्त्रज्ञ येतात. माझ्याकडे फक्त वाळवी आली.

बडेबाबूंचं स्वतःचं टेबल अर्थातच बुलडाणा. सगळ्यात उंच, खिडकीशी, कडुलिंबाच्या सावलीत. तिथून साहेबांच्या जीपचं फाटक दिसायचं, चहाची टपरी दिसायची आणि एसटी स्टँडचा अर्धा फलाट दिसायचा. टेबलाच्या काचेखाली महाराजांचा फोटो, बाराखडीसारखं रेखीव हातानं लिहिलेलं एसट्यांचं वेळापत्रक आणि एका जुन्या साहेबांचं व्हिजिटिंग कार्ड. त्या टेबलाचा मोठा गुण त्यांनी मला पुढे ओळख वाढल्यावर सांगितला. "पाह्य, बुलडाण्याले हवा थंड अन् रेल्वे येत नाई. काम मलकापूरले उतरते. मंग त्याले घाट चढून याव लागते. निम्मं काम तं वळणावरच थकून बसते."

आता ही माणसाची एक जात आहे. विदर्भातल्या कोणत्याही कचेरीत जा, एक बडेबाबू सापडतातच. बढत्या येतात, साहेब बदलतात, रंगरंगोटी होते, पण कोण कुठे बसेल हे तेच ठरवतात. त्यांच्या कोणत्याही कागदावर 'आसनव्यवस्था' असा शब्द सापडणार नाही. मात्र कुणाच्या पाठीशी भिंत हवी, कुणाच्या पुढ्यात दार हवं आणि कुणाला पंखा दिला तर तो झोपेल, याचा सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात असतो. शहरात अशा सल्ल्याचे पैसे घेणारे लोक आहेत आणि त्यांना नीट येतही नाही.

उदाहरण एकच देतो. आमच्याकडे पगारबिलं करणारे एक बाबू होते. त्यांची बेरीज दर महिन्याला चुकायची. बिल कोषागारातून परत यायचं, पगार लांबायचा, सगळे त्यांच्या नावानं खडे फोडायचे. साहेबांनी मेमो दिला. बडेबाबूंनी मेमो बाजूला ठेवला आणि त्या बाबूंच्या मागे स्टूल टाकून एक अख्खी दुपार बसले, हातात पेन्सिल. संध्याकाळी त्यांनी कागद दाखवला. त्यावर 43 रेघा होत्या. दुपारभरात 43 माणसांनी त्या बाबूंना "आवक-जावक कोठे हाये?" असं विचारलं होतं, कारण दारातून आत आलं की पहिला चेहरा त्यांचाच दिसायचा. प्रत्येक वेळी ते मान वर करून बोट दाखवायचे आणि बेरजेतला हातचा विसरायचे.

"मेमो माणसाले नाई, टेबलाले द्या," बडेबाबू म्हणाले. त्यांनी दोन गोदरेजची कपाटं आडवी लावली, त्यांच्यामागे पगारबाबूंना बसवलं आणि दाराशी आणून बसवलं जावक शाखेतल्या एका गप्पिष्ट बाबूला, जो आजवर मागच्या रांगेत बसून शेजाऱ्यांचं डोकं खायचा. तो आता लोकांचं खाऊ लागला. लोक खूश, तोही खूश. पगार त्यानंतर कधी लांबला तर तो वरूनच लांबला.

त्यांचं म्हणणं असं की, काम तीन तऱ्हेचं. अंगावर येणारं, मुरणारं आणि आपोआप मरणारं. अंगावर येणाऱ्याला दार लागतं, मुरणाऱ्याला आडोसा लागतो, मरणाऱ्याला फक्त जागा लागते. ही तिसरी जागा त्यांच्या टेबलाखाली होती. तिच्याविषयी सांगायचं तर आधी लखिनांविषयी सांगायला हवं.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची मांडणी आणि कागदांची वर्गवारी मुळापासून बदलली. महाराष्ट्रभर तिला 'लखिना पॅटर्न' म्हणतात. सहा गठ्ठ्यांची पद्धत तिथलीच. हातातली प्रकरणं, उत्तराची वाट पाहणारी, ठरावीक मुदतीची विवरणपत्रं, कायमचे आदेश, रेकॉर्डला धाडायची आणि नष्ट करायची. रेकॉर्डचेही अ, ब, क, ड असे वर्ग पडतात. अ वर्ग कायम जपायचा, ड वर्ग वर्षभरात संपवायचा. प्रत्येक गठ्ठा कापडात बांधायचा, त्या कापडाला कचेरीत रुमाल म्हणतात. तरुणपणी बडेबाबू या पद्धतीच्या प्रशिक्षणाला जाऊन आले होते आणि सहाही गठ्ठे त्यांनी आमच्या हॉलमध्ये मनापासून लावले. फक्त सातवा एक स्वतःचा वाढवला. ज्या प्रकरणाला हात लावला नाही तर ते आपोआप मिटतं, ते सातव्या गठ्ठ्यात.

मी एकदा विचारलं, "बाबूजी, त्यात काय काय आहे?"

"दोन भावांच्या बांधाचा अर्ज हाये. ते आता एका पंगतीत जेवतात. एका साहेबाची चौकशी हाये, तो रिटायर झाला. अन् खामगाव-जालना रेल्वेचं एक कात्रण हाये."

ते कात्रण शिळं व्हायला तयारच नव्हतं. इंग्रजांच्या काळापासून त्या मार्गाची मागणी चालू आहे.

माणूस न्यायी होता असं मात्र म्हणवत नाही. अभ्यागताची खुर्ची हा त्यांच्या चारित्र्यावरचा मोठा डाग. बुलडाण्यासमोर, म्हणजे त्यांच्या टेबलासमोर, एक लाकडी खुर्ची होती. सागवानी, दिसायला देखणी. तिचा मागचा डावा पाय बोटभर आखूड होता. बसलं की खुर्ची एकदा डावीकडे कलायची आणि माणूस सावरून बसला की पुन्हा कलायची. अशा खुर्चीत कुणी चार मिनिटांच्या वर टिकत नसे. मांडलेला मुद्दा मध्येच सोडून "बरं, येतो मंग" म्हणत उठायचा. पुढे सुताराकडून कळलं की पाय मोडलेला नव्हता, कापून घेतलेला होता.

रोज सकाळी ते सगळ्यांच्या आधी यायचे आणि हॉलमधून एक फेरी मारायचे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते हे ठाऊक असेलच. शेतात खड्डा करून त्यात मातीची ढेकळं, त्यावर घागर, भोवती धान्याचं रिंगण; पानविडा म्हणजे राजाची गादी. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे जाऊन कोणतं धान्य किती सरकलं ते पाहायचं आणि वर्षाचं भाकीत सांगायचं. बडेबाबूंचं तसंच होतं. कुणाची खुर्ची काल संध्याकाळपासून किती सरकली यावरून ते सांगायचे, "मेहकर चिखलीशी बोलत नाई वाट्टे." किंवा, "नांदुऱ्याचं टेबल खिडकीकडं चार बोटं गेलं. पोट्टीचं लग्न जमलं असंन, फोन येत असतीन." साहेबांच्या खुर्चीवरचा पांढरा टॉवेल दोन दिवस बदलला नाही की म्हणायचे, "गादी हालली. बदली येते." तिसऱ्या आठवड्यात यायची. भेंडवळचं भाकीत खरं ठरतं की नाही यावर वाद आहेत, आमच्याकडचं निर्विवाद होतं.

2012 च्या सुमाराला आमच्या नशिबी मॉड्युलर फर्निचर आलं. तोवर मी बऱ्यापैकी वाचायला लागलो होतो, म्हणून मी बडेबाबूंना ज्ञान देऊन पाहिलं. सांगितलं की 1906 साली अमेरिकेत बफेलोला फ्रँक लॉइड राइट नावाच्या वास्तुविशारदानं एका साबण कंपनीची कचेरी बांधली. मधला चौक वरपर्यंत मोकळा, वरून उजेड, सगळे एकमेकांना दिसतील असे. टेबलं लोखंडी आणि खुर्ची टेबलालाच जोडलेली, दांड्यावर आत-बाहेर फिरणारी.

"खुर्ची टेबलाले बांधेल?" त्यांनी विचारलं. "मंग ते कचेरी नाई, गोठा हाये. बैल दाव्याले असला म्हंजे काम करते असं मालकाले वाटते. बैलाले विचारा."

मग मी त्यांना रॉबर्ट प्रॉप्स्टची गोष्ट सांगितली. त्यानं 1960 च्या दशकात माणसाला हवं तसं हलवता येईल असं टेबल आणि आडोसा काढला. कंपन्यांनी त्याचे खुराडे केले आणि शेवटी तोच माणूस आपल्या कल्पनेची अशी दशा झालेली पाहून हळहळला. यावर बडेबाबू बराच वेळ गप्प होते. सुताराकडून पाय कापून घेतलेल्या खुर्चीकडे ते पाहत होते असं मला वाटलं, पण ते टपरीकडे पाहत होते.

कंत्राटदाराच्या माणसांनी आधी राजूर घाट फोडला. पायरी गेली, सगळीकडे एका पातळीत गुळगुळीत टाइल्स. मग कमरेइतक्या उंचीचे निळे आडोसे, चार-चार माणसांची बेटं, मधे काहीच नाही. साहेब उत्साहात होते. आता कुणाला कुणाकडे कागद न्यावा लागणार नाही, मान वर केली की बोलता येईल, असं त्यांनी फीत कापताना सांगितलं. पगारबाबूंनी मान वर केली. दार समोर होतं.

पहिल्या आठवड्यात हॉलमध्ये मसणवट्याची शांतता. जो तो आपलं ऐकलं जाईल म्हणून बोलेना. शेजारच्या बेटावर निरोप द्यायचा तर लोक शिपायाच्या हाती चिठ्ठी देऊ लागले. पुढे 2018 साली हार्वर्डच्या दोन संशोधकांनी मोकळ्या कचेऱ्यांत गेलेल्या लोकांच्या गळ्यात यंत्रं अडकवून मोजलं, तर समोरासमोरचं बोलणं सत्तरेक टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. आमच्याकडे ईमेल नव्हते, त्यामुळे सगळा ताण शिपायावर आला. त्यानं आठव्या दिवशी रजा टाकली.

बडेबाबूंनी नव्या मांडणीविरुद्ध एक शब्द काढला नाही. त्यांनी फक्त रेकॉर्ड रूम साफ करायला काढली. वाळवी लागलेले गठ्ठे उन्हात घालायचे, तात्पुरते हॉलमध्ये आणून ठेवायचे. नियमात बसणारं काम, साहेबांची सही घेऊन. तात्पुरते ठेवलेले गठ्ठे लाल, हिरव्या, पिवळ्या रुमालांत बांधून आडोशांवर एकावर एक चढले. महिन्याभरात पगारबाबूंच्या तिन्ही बाजूंनी अ वर्गाची भिंत उभी राहिली. अ वर्ग म्हणजे कायमचा, तो पाडायचा तर मंजुरी लागते. सिंदखेड राजाला बुरूज आला. दाखल्यांच्या टेबलापुढे फक्त ड वर्ग, तोही कमरेइतकाच, म्हणजे लोकांना हात टेकता यावेत. दिवाळीपर्यंत 13 तालुके जागच्या जागी होते. घाट तेवढा नव्हता, पण जुने लोक त्या ठिकाणी आले की सवयीनं अजून पाय उचलायचे.

त्याच दिवाळीत ते मुलाकडे पुण्याला जाऊन आले. मुलगा हिंजवडीला. त्यानं वडिलांना आपली कचेरी दाखवली. परत आल्यावर बडेबाबू दोन दिवस अस्वस्थ होते. मग म्हणाले, "पोट्ट्याले टेबलच नाई."

"म्हणजे?"

"सकाळी जो येईन त्यानं जेथं जागा भेटंन तेथं बसाचं. संध्याकाळी पुसून जाचं. काचेखाली फोटो नाई, खणात सुपारी नाई. म्या त्याले म्हटलं, बापा, हे तं शेगावच्या गाडीसारखं झालं. मंग खिडकीतून रुमाल टाकत जा."

"काय म्हणाला?"

"म्हने, लोक बॅग ठेवतात, पाण्याची बाटली ठेवतात, अन् चहा प्याले जातात." त्यांचा चेहरा जरा खुलला. "म्हंजे लेकरं हुशार हायेत."

58 वर्षं पूर्ण झाली त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात कुणीतरी म्हणालं की, त्यांचं नाव जडवस्तू संग्रह नोंदवहीत घालायला हवं होतं, म्हणजे ते हलले नसते. ते हसले, सातवा गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि पाच दहाच्या गाडीनं गेले. त्यांचं टेबल काही वर्षांनी माझ्याकडे आलं. अभ्यागताची खुर्ची टेबलाबरोबर आली. मी ती बदलणार होतो, पण काही अभ्यागत भेटल्यावर विचार बदलला.

2019 साली सातवा वेतन आयोग लागू झाला आणि बडेबाबू आपल्या पेन्शनच्या कागदातल्या एका दुरुस्तीसाठी आले. काम लेखा शाखेच्या नव्या मुलीकडे होतं. तिनं त्यांना ओळखलं नाही. "बसा काका, वेळ लागेल," म्हणाली आणि त्या खुर्चीकडे बोट दाखवलं. मी उठायला लागलो तर त्यांनी डोळ्यानंच मला खाली बसवलं.

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पुठ्ठ्याची चौपदरी घडी काढली. घरूनच घालून आणली होती. वाकून, न चाचपता, मागच्या डाव्या पायाखाली बरोबर सरकवली. खुर्ची दोन्ही हातांनी हलवून पाहिली. हालली नाही. मग दुसऱ्या खिशातून रुमाल काढला, पांढरा, निळ्या काठाचा, बसायच्या जागेवर नीट पसरला आणि म्हणाले, "येतोच." टपरीकडे गेले.

अकरा वाजले, बारा वाजले. दोन-तीन अभ्यागत आले, रुमाल पाहून उभेच राहिले. ती मुलगी मधूनमधून खुर्चीकडे पाहायची. कुणी बसलेलं नव्हतं, तरी कुणीतरी बसलंय असं तिला वाटत असावं. दुपारचा डबाही तिनं पाठ फिरवून खाल्ला. साडेतीनला तिनं कागद पूर्ण केला, सही घेतली, शिक्का मारला. मीच तो घेऊन टपरीवर गेलो. बडेबाबू बाकावर भिंतीला पाठ लावून बसले होते, समोर स्टँडचा अख्खा फलाट.

कागद त्यांनी चष्म्याच्या वरून वाचला, मग चष्म्यातून, उलटा करून पाहिला आणि पिशवीत घातला.

"रुमाल आणून देऊ का?" मी विचारलं.

"राहू दे. फरकाचे अजून चार हप्ते बाकी हायेत."